बाहेरचा कान

बारकीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्या कामातून त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घेतली होती. इमारतीत राहणाऱ्यांना स्वतःच्या लिफ्टची खरखर ऐकू येत नाही. रोज ऐकून कान सरावलेले असतात. ती ऐकू येते बाहेरून आलेल्या माणसाला. "म्हणून तर मला बोलावतात," असं ते ऐटीत सांगायचे. मग जे लिफ्टला लागू ते घराला का नाही, असं म्हणत त्यांनी घरातला एकेक निर्णय बाहेर द्यायला सुरुवात केली.

गादी कुठली घ्यायची ते झोपेच्या तज्ज्ञाने सांगितलं. ती इतकी कडक निघाली की आई अजूनही तिला फरशीच म्हणते. शिल्लक कुठे ठेवायची ते एका संस्थेने ठरवलं. स्वयंपाकघरातले डबे कसे लावायचे हे सांगायला एक गृहस्थ पट्टी आणि चिकटपट्टी घेऊन आले होते. ते गेल्यावर बरेच दिवस घरात कुणाला मीठ सापडत नव्हतं. शेजारीपाजारी बाबांची टर उडवायचे, पण बाबांना त्याचं काही नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर बाबांचंही अगदीच चुकत नव्हतं. या घरात निर्णय होणं मुळात अवघड होतं, कारण इथे कुणी 'नाही' म्हणतच नसे. बाबांना एखादी गोष्ट नको असली की ते 'बघू' म्हणत, आणि मग त्या गोष्टीकडे पुन्हा कुणी बघायचं नसे. बारकी 'काहीही चालेल' म्हणायची आणि तोंड पाडून बसायची. आईचा शब्द होता 'मर्जी'. बाबांनी एकदा बाहेरच्या खोलीला भडक केशरी रंग द्यायचं काढलं होतं. आई शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाली, "तुमची मर्जी." रंगाचे ते डबे अजून जिन्याखाली आहेत. झाकणंसुद्धा उघडलेली नाहीत.

या वेळी प्रश्न रंगाचा नव्हता, खुद्द बारकीचा होता. बारकी हे नाव लहानपणी पडलं. आता ती बाबांपेक्षा उंच झाली तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. तिला एका लांबच्या शहरात प्रवेश मिळाला होता. तिथे कृत्रिम हातपाय बनवायला शिकवतात. बाबांच्या एका जोडीदाराचा पाय कामावर असताना गेला, तेव्हा नवा पाय बसवायला ती त्याच्यासोबत गेली होती. तिथल्या कारखान्यात एक बाई पायाचा पट्टा शिवत होती, आणि तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस गुडघ्याच्या बिजागरीत तेल सोडत होता. आईचं काम आणि बाबांचं काम एकाच टेबलावर. बारकी आ वासून बघत राहिली, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

पण शिक्षण तीन वर्षांचं, आणि शहर लांब. घराजवळच्या कॉलेजात हिशेबाचा कोर्स होता, चालत जाण्यासारखा. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. बारकीने आईला विचारलं. पडदा शिवता शिवता आई म्हणाली, "तुझी मर्जी."

बारकीने काढून ठेवलेली बॅग गुपचूप पलंगाखाली सारली. लांबचा कोर्स हातचा गेला, हे तिला कळून चुकलं होतं.

बाबांना मात्र तेवढ्याने चैन पडेना. त्यांनी सल्लागार बाई बोलावल्या. या बाई शिक्षण, पैसा आणि घरगुती प्रश्न असे तिन्ही बघायच्या, आणि तिन्ही एकदम घेतले तर सवलतही होती. सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि एक विचित्र सवय: समोरचा बोलायला लागला की त्या चष्मा काढून मांडीवर ठेवत. जणू डोळे बंद केले की कान जास्त उघडतात. बारकीला ही सवय फार आवडली. ही बाई आपल्या आईकडून काय काढून घेणार, याची तिला विलक्षण उत्सुकता लागली.

"प्रत्येकाशी वेगळं बोलते," बाई म्हणाल्या. या घरात वेगळं बोलायला जागा कुठली? स्वयंपाकघर आणि आईच्या मशीनची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत, बस. बारकी ओट्यापाशी उभी राहून धुतलेल्याच कपबश्या पुन्हा धुऊ लागली.

पलीकडे मशीन चालू होतं. बाईंनी आईला कामाबद्दल विचारलं, गिऱ्हाइकांबद्दल विचारलं. आई छान बोलत होती. मग बाई म्हणाल्या, "ताई, मुलीने लांब शिकायला जावं असं तुम्हाला वाटतं का?"

मशीन थांबलं.

"तिची मर्जी," आई म्हणाली. मशीन पुन्हा सुरू झालं.

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

बारकीच्या हातातून कप सुटता सुटता राहिला. बरं? नुसतं बरं? केशरी रंगाचे डबे बघितले असते तर ही बाई अशी बरं म्हणाली असती का? तिला हसूही आलं, आणि तिने तोच कप पुन्हा विसळला.

मग तिची पाळी आली.

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी चष्मा मांडीवर ठेवला.

"काहीही चालेल."

"काहीही म्हणजे? हिशेबाचा कोर्सही चालेल?"

बाई वाट बघत बसल्या. त्यांना वाट बघण्याचेच पैसे मिळत असावेत.

"नाही," बारकी म्हणाली, आणि तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून तिची तीच दचकली.

"हं. आता कसं. काहीही हे काही उत्तर नसतं. तुमच्या आईंनी बघा किती स्वच्छ सांगितलं."

आता सांगून टाकायला हवं होतं. बाई, ते स्वच्छ नव्हतं, तो आमच्या घरातला नकार आहे, आम्ही तो असा घडी घालून देतो. पण बारकीने तोंड उघडलं नाही. तिला जायचं होतं. आणि दुसरंही एक होतं: या बाईंना प्लायवूडच्या पलीकडे जी आई भेटली, ती बारकीला कधी भेटली नव्हती. ती कशी असेल, हे तिला बघायचं होतं.

शेवटी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. आईच्या ओठांत टाचण्या होत्या, पडदा अर्धाच झाला होता. बाईंनी आधी पैशांचं घेतलं. शिल्लक पुरेल, मात्र थोडी इकडची तिकडे हलवावी लागेल, असं त्यांचं मत पडलं.

"बघू," बाबा म्हणाले.

"कधी?" बाईंनी विचारलं.

बाबांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ते दोनदा खाकरले. "बुधवारी," ते म्हणाले, आणि बाईंनी बुधवार लिहून घेतला.

"आता मुलीच्या शिक्षणाचं. मुलीची इच्छा पक्की आहे. वडिलांना फक्त खर्चाची काळजी आहे. आईंचा पाठिंबा आहे, निर्णय त्यांनी पूर्णपणे मुलीवर सोडलाय." बाईंनी मान वर केली. "खरं सांगू? इतका मोकळेपणा मी फार कमी घरांत बघितलाय."

बाबा पंख्याकडे बघू लागले, त्यांनी तो पंखा पहिल्यांदाच पाहिला असावा. बारकी आईकडे बघत होती. आईने ओठांतली एकेक टाचणी काढली आणि टाचण्यांच्या उशीत खोचली. घाई केली नाही.

"बरोबर आहे ना, ताई?" बाई म्हणाल्या. "काही चुकलं असेल तर आत्ताच बदलता येईल."

"मी काय म्हणाले ते परत सांगा."

"तुम्ही म्हणालात, तिची मर्जी."

"हो," आई म्हणाली. "तसं म्हणाले खरी."

बाईंनी चष्मा घातला, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. बाबा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि बहुधा लिफ्टबद्दल बोलत तिथेच रेंगाळले.

बारकीला खरं तर नाचायला हवं होतं. तिने बॅग पलंगाखालून ओढून काढली, तिच्यावरची धूळ पुसली, आणि मग तिला ती उघडवेना. आईचा शब्द असा चुकीच्या पत्त्यावर पोचलेल्या पार्सलासारखा उचलून न्यायचा, हे तिला बरं वाटेना. ती मशीनच्या खोलीत गेली.

"आई, त्या बाईंना कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"तुझं मर्जी म्हणजे काय ते."

"काय म्हणजे?"

"म्हणजे नाही."

आईने मान वर केली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? केशरी रंग."

आईला हसू आलं. ती बराच वेळ हसत राहिली, आणि मग तिने हातातला पडदा बाजूला ठेवला.

"हा शब्द माझा नाही गं, माझ्या आईचा," ती म्हणाली. "मी तुझ्याएवढी असताना मला एका नाटक कंपनीने कपडे शिवायला बोलावलं होतं. गावोगाव फिरायचं, रोज नवे राजे, नव्या राण्या. मी आईला विचारलं, जाऊ का? ती पाणी भरत होती. म्हणाली, तुझी मर्जी. मी बॅग रिकामी केली."

"कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तिला नको होतं, मी गेले नाही, विषय संपला. आजपर्यंत असंच समजत होते मी." तिने मशीनचं चाक हाताने उगाच मागेपुढे केलं. "पण आज त्या बाई वाचायला लागल्या आणि वाटलं, तेव्हा आमच्याही घरी कुणी बाहेरचं असतं तर? कदाचित आई नुसतं तुझी मर्जी एवढंच म्हणत असेल. मी परत विचारलंच नाही. आता कुणाला विचारू?"

बारकी पडद्याच्या ढिगाशेजारी खाली बसली. आपल्याला याआधी हे कधी विचारावंसं वाटलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"आणि तू?" ती म्हणाली. "तू त्या दिवशी म्हणालीस ती मर्जी?"

"ती जुनीच होती. तू जाऊ नयेस असं वाटत होतं," आई म्हणाली. "अजूनही वाटतंय. घर खायला उठेल मला."

असं सरळ बोलताना बारकीने आईला कधी ऐकलं नव्हतं. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर दार वाजलं. बाबांनी चपला काढता काढता विचारलं, "अगं बारके, सोमवारी कळवायचंय ना? मग काय कळवायचं ठरलं?"

बारकीने आईकडे पाहिलं. आईने सुईखाली कापड सरकवलं, कड नीट केली.

"तुझी मर्जी," ती म्हणाली.

"कुठली?"

"त्या बाईंना ऐकू आली ती."