तेल प्यायलेला जिना

जिन्याच्या फळीवर चिकटवलेला पट्टा पुन्हा सुटला. धोंडबाने नख घालून काठ ओढला, तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा रबराचा अख्खा तुकडा हातात आला. त्याने तो अंगणात भिरकावला.

"दादा, कायले जीव जाळून राहिले?" खालच्या खोलीच्या दारातून धाकटा भाऊ गुलाब म्हणाला. हातात चहाचा कप होता. "सरळ खिळे ठोका न."

"खिळे वर येतात बाबू. तुह्या वहिनीचा पाय अडकन मंग."

"मंग लाकडाचा भुसा टाका. हमारे शेड में तो यही डालते हैं." गुलाबने चहा संपवला आणि आत गेला.

प्लांटाशेजारच्या मरोदा वस्तीतल्या त्या घराचा जिना बाहेरून होता. वळणापर्यंत काँक्रीटचा, पुढे लाकडाचा. बांधताना सिमेंट पुरलं नाही, म्हणून धोंडबाने प्लांटातल्या मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या आणून वरच्या पायऱ्या केल्या होत्या. यंदाच्या पावसाळ्यात त्याची बायको ललिता त्याच पायऱ्यांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ती थेट बोरसीला भावाकडे गेली आणि तिथून निरोप आला, त्या जिन्यावर मी पाय ठेवत नाही.

पायऱ्यांवर चिकटवायला धोंडबाने कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरचा भंगारातला पट्टा मिळवला. प्लांटात खलाशी, म्हणजे अवजड कामाचा मजूर, म्हणून त्याची सगळी नोकरी तसल्याच पट्ट्यांवर झाली होती. पावसातही त्यावरून कोळसा घसरत नसे. काँक्रीटच्या पायऱ्यांनी त्रास दिला, पण ऐकलं. त्यांचे फुटके काठ सिमेंटने भरले, गुळगुळीत भागावर छिन्नीने खाचा पाडल्या, सिमेंट सुकू दिलं, तारेच्या ब्रशने धूळ काढली. रबर चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर पट्टा असा बसला की ओढूनही निघेना.

लाकूड मात्र ऐकेना. दर दिवाळीला लोक घराला चुना देत, तेव्हा धोंडबा त्या फळ्यांना मशिनीचं जळकं तेल पाजत असे. अख्ख्या गल्लीत वाळवी लागली, त्याच्या जिन्याला नाही. हे तो येईल त्याला सांगे. आता तेच तेल सोल्युशनला धरू देत नव्हतं. सोड्याने घासलं, रॉकेलने पुसलं, रंधा मारला. खालून तसंच काळं, तेलकट लाकूड निघे.

आणि उपाय तर समोरच होता. खालची खोली. गुलाबच्या लग्नात, चार माणसांसमोर, धोंडबाच म्हणाला होता, "नवी सून खाली राहीन. आमी जातो वर." दिलेलं परत कसं मागायचं? गुलाबने आपणहून म्हणावं, याची तो वाट पाहत होता. गुलाब खिळे सांगे, भुसा सांगे, दुसऱ्या कंपनीचं सोल्युशन सांगे. तेवढं एक सांगत नव्हता.

जिना होत आलाय, असा निरोप धोंडबाने बोरसीला धाडला होता; रविवारी दुपारी रिक्षा आली. मेव्हण्याच्या आधाराने ललिता उतरली, मागून तिची पेटी. काठी टेकत तिने वर पाहिलं. खालच्या पायऱ्या नीट झाकलेल्या, वरच्या उघड्या, काळ्या, रंध्याने ओरबाडलेल्या.

"हे काय करून ठेवलं वो?"

"होऊन राहिलं. लाकूड धरत नाई." धोंडबाचा आवाज चढला. "किती घासलं, तुले काय मालूम!"

"मी काई म्हटलं का?"

गुलाब आणि त्याची बायको प्रेमला दारात येऊन उभे राहिले. धोंडबाला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"गुलाब..."

"काय दादा?"

धोंडबाने त्याच्या मागे उघड्या दारातून दिसणारी खाट पाहिली. तिच्यावर धुतलेली चादर होती.

"पेटी... तिची पेटी वर नेऊन ठेव."

गुलाबने पेटी उचलली आणि भरभर वर गेला.

ललिताने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग काठी टेकत काँक्रीटच्या पायऱ्या चढली. वळणावर थांबली. तिचा भाऊ हात द्यायला पुढे झाला, तर तिने मानेनेच नको म्हटलं. काठी धोंडबाकडे दिली, पाठ फिरवून पहिल्या फळीवर बसली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकून स्वतःला वर उचललं. बसूनच. मग आणखी एक. धोंडबा एक पायरी खाली राहून तिची पावलं धरत होता.

प्रेमला जिन्याखाली आली. तिला वर बघवत नव्हतं.

"बाई, पाणी आणू का तुमाले? खाली या न जरा, बसा आमच्याकडे."

ललिताने दम घेतला. लुगड्याला लागलेलं काळं झटकलं.

"वरच आण," ती म्हणाली आणि पुढच्या पायरीवर तळवे टेकले.