बोट लागू नये म्हणून

रविवारी सकाळी नाशिकला गोदावरीच्या गंगाघाटावर एवढी गर्दी जमायची की फुलवाल्या बायांना पाटी टेकवायला जागा उरायची नाही. गर्दीच्या मधोमध एक गोल फिरणारा पाळणा होता. जत्रेत पोरं बसतात तसाच, फक्त भगवा रंगवलेला आणि झेंडूच्या माळा घातलेला. एका अंगाला महाराजांचा प्रसाद घेतलेले भक्त बसायचे, दुसऱ्या अंगाला गर्दीतून हात धरून आणलेले कोरे लोक. दोन आडदांड शिष्य पाळणा गरागरा फिरवायचे आणि महाराज शंख फुंकायचे. पाळणा थांबला की कोरे लोक पायरीवर बसून भडाभडा ओकायचे. भक्त मात्र शांतपणे उतरून आपापल्या चपला शोधायचे.

"समंदर हिलता है बेटा," महाराज हात वर करून म्हणायचे, "भक्त नहीं हिलता."

गर्दी माना डोलवायची. ती हलत होती, पण तिला सांगणार कोण?

हे तरंगनाथ महाराज. सिंहस्थ आटोपला, साधू आपापल्या वाटेने गेले आणि हे मागे राहिले, पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ राहतो तसे. कुणाला एसटी लागते, कुणाला वणीचा घाट लागतो, कुणाला बोट लागते. सगळ्यांवर महाराजांचा एकच उतारा, गुळात वळलेली काळपट, कडसर गोळी. तिला गोळी म्हणायचं नाही, प्रसाद म्हणायचं. घेतल्यावर उलटी झाली नाही तर महाराजांची कृपा, झालीच तर तुमची श्रद्धा कमी. असा धंदा मला सुचला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

कारण मी कोंडाजी. आमच्या मखमलाबाद गावात मला थापाड्या कोंडा म्हणतात. आमच्या मळ्यातल्या वांग्याच्या झाडावर चढून मी मनमाडची गाडी सुटताना पाहिली आहे, आणि एका वर्षी आमचा कोबी इतका वाढला की पावसाळ्यात त्याच्या एका पानाखाली दोन बैल बांधले होते. माझ्या गोष्टीतून लोक निम्मं वजा करतात आणि उरलेल्याला हसतात. या गोष्टीतून मात्र काही वजा करू नका. यात माझ्या पदरचं काहीच नाही.

आक्काबाई माझी थोरली बहीण. आम्ही माळी, फुलं-भाजीवर जगणारे. नवरा गेल्यापासून आक्का रोज पहाटे शेवंती, झेंडू, बेल पाटीत भरून घाटावर बसायची. तिच्या बांधावर धोत्रा माजलेला. महादेवाला चालतो म्हणून काटेरी फळंही ती पाटीत ठेवायची. महाराजांचा शिष्य गोटीराम रोज येऊन ती सगळी उचलून न्यायचा. आक्का त्याच्याकडून काही घ्यायची नाही. देवाला आपल्या बांधावरचं जातंय, याचाच तिला केवढा मान.

श्रावण संपला, शिवरात्रही गेली, तरी गोटीराम येतच राहिला. मी तिला म्हटलं, "आक्का, तुझा महादेव धोत्र्याची भाजी करून खातो का गं?"

"तुझ्या जिभेला काय हाड?" ती म्हणाली. "देवाचं देवाला."

एकदा मठात डोकावलो तर पिंडीवर वाहिलेली फळं चिरलेली, आतून पोकळ. बी गायब. गोटीराम म्हणाला, उंदीर खातात. मी म्हणालो, धोत्र्याचं बी खाणारा उंदीर उद्या कीर्तनाला उभा राहील. लोक हसले. थापाड्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

आक्काचा मुलगा ज्ञानेश कर्तबगार निघाला. शेडनेटमध्ये गुलाब लावले आणि फेब्रुवारीतल्या त्या प्रेमवाल्या दिवसाला मुंबईच्या पोरापोरींनी ते असे उचलले की घराला रंग लागला. मग त्याने ठरवलं, आईला समुद्र दाखवायचा. आक्काने जन्मात मोठं पाणी पाहिलं ते गंगापूर धरणाचं. पाटीशी बसून ती गिऱ्हाइकांना विचारायची, "समुद्र निळा असतो म्हणत्यात, ते खरं का हो?" कुणी होकार दिला की तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

एका ट्रॅव्हल्सवाल्याने नाशिकच्या कुटुंबांची क्रूझची सहल काढली होती, मुंबईहून लक्षद्वीपकडे. ज्ञानेश, त्याची बायको मंजुषा, आठवीतली लेक स्नेहल, आक्का आणि मी असे आम्ही निघालो. बोट लागेल ही धास्ती सगळ्यांनाच. ट्रॅव्हल्सवाल्याने छापील सूचना दिल्या होत्या. हलकं खा, बोटीच्या मध्यभागी थांबा, नजर दूर पाण्याच्या रेघेवर ठेवा, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. त्या कागदात भेळ बांधली गेली. सगळ्या सहलीने महाराजांचा प्रसाद बरोबर घेतला, आणि तो नीट वाटायला गोटीराम सोबत आला. एकट्या मला तो मिळाला नाही. थापाड्याला प्रसाद नसतो, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

मुंबईच्या धक्क्यावर आक्काने कठड्यावरून खाली पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हा समुद्र? आपल्या गंगेला पूर आल्यावर असंच गढूळ पाणी असतंय की."

"आई, थांब," ज्ञानेश म्हणाला. "उद्या सकाळी बघ. आत गेल्यावर निळा लागतो."

बोट सुटली तशी गोटीरामने गोळ्या वाटल्या. स्नेहलने तिची तोंडात घातली आणि लगेच हातावर काढली. कडू होती. ती टाकणार तोच आक्काने तिचा हात धरला. प्रसाद टाकायचा नसतो. टाकला तर देवाचा अपमान, पायाखाली आला तर त्याहून मोठं पाप. मग करायचं काय? आपल्याकडे घरोघर बायका जे करतात तेच आक्काने केलं. नातीची गोळी स्वतः खाल्ली. मंजुषाने एक घेतली होती तरी तिला ओकाऱ्या लागल्या. गोटीरामने तिची श्रद्धा मोजली आणि आणखी एक दिली. ती तिच्या घशाखाली उतरेना. तीही आक्कानेच खाल्ली.

दिवस कलताना डेकवर आरडाओरडा झाला. आक्का उभी होती. तोंड लालबुंद, ओठ कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या की बुबुळांचा रंगच दिसेना. दोन्ही हातांनी ती हवेतून काहीतरी खुडत होती आणि पदरात टाकत होती. मी जवळ गेलो. मला तिने ओळखलं नाही. "देठ लांब ठेव," ती पुटपुटत होती, "शेवंती लय आली औंदा."

मी तिचा भाऊ, तरी मला भीती वाटली. लोकांना वाटली नाही. गोटीरामने जागच्या जागी लोटांगण घातलं आणि सांगून टाकलं की जलदेवता अंगात आली आहे. संपलं. शिकलेले, नोकरीतले, नातवंडं इंग्रजी शाळेत घालणारे लोक माझ्या बहिणीच्या पायावर डोकं ठेवायला रांगेत उभे राहिले. कुणी विचारलं, पोराला नोकरी लागेल का? तिने हवेतली शेवंती त्याच्या हातात दिली. त्याने ती कपाळाला लावली.

बोटीवर डॉक्टर होता. मी त्याला बोलवायला निघालो तर ज्ञानेशनेच मला अडवलं. "मामा, देवीचा कोप झाला तर? आईच्या जिवावर बेतेल."

सकाळी देवी उतरली आणि आक्का डोकं धरून कण्हू लागली. डोळे फुटतील असं दुखत होतं. दिव्याभोवती रंगीत वेढे दिसत होते, बाकी सगळं धुकं. गोटीराम म्हणाला, देवीचं तेज डोळ्यांत उतरलं आहे, सोसायला हवं. दुपार उलटली तेव्हा कुठे ज्ञानेश राजी झाला आणि डॉक्टर आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, यांनी कोणतं औषध घेतलं?

ज्ञानेशने छातीवर हात ठेवून सांगितलं, "काहीच नाही."

तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी प्रसाद हे औषध नव्हतंच, आणि मलाही मठातली पोकळ फळं तेव्हा आठवली नाहीत. डॉक्टरने वय बघितलं, मेंदूकडे रक्त कमी पडलं असावं असा अंदाज केला आणि त्याचे उपचार केले. बाहेर समुद्र निळाशार होता. आक्काला कठड्यापर्यंत नेलं. तिने वाऱ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "आला का निळा?"

नाशिकला परतल्यावर तिला डोळ्यांच्या डॉक्टर साधनाताईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही डोळे तपासले. एक डोळा गेला होता. दुसऱ्यात उजेड-अंधार कळेल, एवढंच राहिलं होतं. म्हणाल्या, आजींच्या डोळ्यांची ठेवण काचबिंदूची होती, कधी तपासलं नाही म्हणून कळलं नाही. पण असा झटका उगाच येत नाही. काय खाल्लं होतं?

ज्ञानेश पुन्हा म्हणाला, काही नाही. तेव्हा कोपऱ्यातून स्नेहल म्हणाली, "प्रसाद खाल्ला. माझाही आजीनेच खाल्ला. आईचाही."

ज्ञानेशच्या खिशात प्रसादाची पुडी होती. साधनाताईंनी गोळी फोडली, गूळ पाण्यात विरघळवला आणि उरलेला चुरा कागदावर पसरला. त्यात काही बिया अख्ख्या राहिल्या होत्या. चपट्या, पिवळट, कानाच्या पाळीसारखा वळसा असलेल्या. त्या काही सांगण्याआधीच ज्ञानेशने एक बी उचलून हातावर घेतलं. माळ्याच्या पोराला बी ओळखायला पुस्तक लागत नाही.

"धोत्रा," तो म्हणाला. "आपल्याच बांधावरचा."

मग साधनाताईंनी समजावलं. धोत्र्यात जे द्रव्य असतं, ते मळमळ थांबवतं ही गोष्ट खरी. बोट लागू नये म्हणून त्याचं औषध बनतं, पण डॉक्टर ते रोगी पाहून, तोलून मापून देतात, आणि काचबिंदूवाल्याला देतच नाहीत. हाताने वळलेल्या गोळीत किती बी गेलं हे वळणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेच द्रव्य जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस हवेतली फुलं खुडतो. त्याला आपण देवी म्हणतो.

स्नेहल रडू लागली. तिने दिलेली गोळी होती ना. आक्काने हाताने चाचपत तिचं डोकं शोधलं. "मी माझ्या हातानं खाल्ली गं. तू नाय भरवलीस."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे घाटावर गेलो. पाळणा फिरत होता. शंख थांबल्यावर स्नेहल पुढे झाली आणि तिने पुडीतल्या उरलेल्या गोळ्या महाराजांपुढे धरल्या. "माझ्या आजीने खाल्ल्या तेवढ्या तुम्ही खा."

महाराज हसले. "बेटी, आज हमारा उपवास है."

"प्रसादाने उपवास मोडत नाही, तुम्हीच सांगता."

"गोटीराम ग्रहण करेगा."

गोटीराम दोन पावलं मागे सरला. स्नेहलने हात तसाच ठेवला. "मग टाकू का नदीत? प्रसाद टाकायचा नसतो ना?"

घाटावरचे सगळे महाराजांच्या हाताकडे बघत होते, आणि तो हात काही पुढे आला नाही. मग ती पोरगी पाळण्यात बसली, भक्तांच्या बाजूला. प्रसाद घेतला नव्हता, सकाळपासून अर्धी भाकरी पोटात. शिष्यांचे हात हलेनात तेव्हा ज्ञानेशने पाळणा फिरवला. स्नेहल मान वळवत समोरच्या देवळाच्या कळसाकडे बघत राहिली. उतरली आणि चपला घालून उभी राहिली. मग तिने पाळण्यात बसणाऱ्यांना विचारून घेतलेलं सांगितलं, की महाराज भक्तांना रात्रीपासून उपाशी ठेवतात आणि 'कळसाचं ध्यान करा' म्हणतात. कोऱ्या लोकांना आधी बासुंदी-पुरीचा महाप्रसाद देतात आणि 'पायांशी बघत नामस्मरण करा' म्हणतात. पोट भरलेलं आणि नजर फिरत्या फळीवर, असा माणूस ओकेल नाहीतर काय करेल? बोटीवरही ती पाण्याच्या रेघेकडे बघत उभी राहिली होती, आणि प्रसाद न घेता तिला काही झालं नाही. ट्रॅव्हल्सवाल्याच्या भेळेच्या कागदावर हेच सगळं लिहिलं होतं. फुकट होतं, म्हणून कुणी वाचलं नाही.

महाराज त्याच दिवशी गायब झाले. पोलिसांत तक्रार दिली, ते अजून शोधत आहेत. मध्यंतरी कानावर आलं की नांदगावकडे कुणी एक बाबा रेल्वे लागू नये म्हणून प्रसाद देतो. मी थापाड्या असलो तरी ही थाप माझी नाही.

आणि आमच्या गल्लीतले लोक? निम्मे म्हणतात, पोरीने संताला घालवलं. उरलेले अजून आक्काच्या दाराशी येतात. देवीने डोळे घेतले म्हणजे दृष्टी दिली असणार, असा त्यांचा हिशेब. परवा एक बाई पोराच्या लग्नाचं विचारायला आली, नारळ ठेवला. आक्काने तो चाचपून बाहेर सरकवला.

"देवी नाय बाई, धोत्रा हाय तो," ती म्हणाली. "तोंडात घालशील त्याच्यात काय हाय ते आधी विचार. देव त्यानं रागवत नाय. देणारा रागावला, तर समज, तो देवाचा नाय."

मला वेगळं काही सांगायचं नाही. 'काय खाल्लं' असं डॉक्टरने विचारलं तर प्रसादही सांगा, अंगाराही सांगा, तीर्थही सांगा. नाव नसलेली गोळी कुणाच्याही हातून घेऊ नका, हात कितीही पवित्र दिसो. नको असेल ते टाकून द्या. टाकलेल्या प्रसादाने आजवर कुणाचे डोळे गेलेले नाहीत.

ती बाई गेल्यावर आक्का ओट्यावर बसली होती. आता ती पाटी घेऊन जात नाही. ज्ञानेशने बांधावरचा सगळा धोत्रा मुळासकट उपटला आहे.

"कोंडा," ती म्हणाली, "तू बघितलास ना समुद्र? सांग. पण थाप मारू नको."

बैल झाकणारी कोबीची पानं मी सत्तर वर्षं सांगत आलोय. त्या दिवशी माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"निळा होता, आक्का. खरंच निळा होता."