शहात्तर गाड्या भरून माणसं

माझी मावशी बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसायची. वाहतूक नियंत्रक व्हायचं तर शालान्त परीक्षा पास हवी, आणि तिचा एकटा इतिहास राहिला होता. दोनदा दांडी उडाली होती. त्या वर्षी मीही त्याच परीक्षेला बसणार होते, म्हणून तिचा अभ्यास घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी पाठांतरात पटाईत. सनावळ्या, आकडे, तह, सगळं घडाघडा. मावशीला मात्र पुराचं साल विचारलं की ती गिरणीच्या संपाचं सांगायची.

"पुरात किती लोक बेघर झाले?"

"बाराशे?"

"ते संपावर गेले होते! मावशी, तुझ्या डोक्यात काही राहतच नाही."

ती वही मिटून भांडी घासायला गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डबा घेऊन मी डेपोत गेले. खिडकीसमोर ही गर्दी! एकाला सहा चाळीसची गाडी, दुसऱ्याला सव्वानऊची, तिसऱ्याला बदलून जायचं होतं. मावशी वेळापत्रकाकडे न बघता फलाटासकट सांगत होती. साठ गाड्या, सगळ्या तोंडपाठ.

"हे कसं गं लक्षात राहतं?" मी विचारलं.

"त्यात काय? सहा चाळीसला ती नर्स असते, रोज धापा टाकत येते. सव्वानऊला चष्मेवाले मास्तर. माणूस आठवला की वेळ आठवते."

"मग पुरातली माणसं आठव."

"तुझ्या पुस्तकात माणसं आहेत कुठे? नुसतं 'तीन हजार आठशे'." मग ती डबा उघडता उघडता थांबली. "एका गाडीत पन्नास धरले तर... शहात्तर गाड्या! अगं, आपल्या डेपोत साठच आहेत. उरलेल्यांना कुठे बसवलं असेल? रात्री झोपले कुठे?"

आख्खा धडा पाठ होता, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

संध्याकाळी मी वाचनालयात गेले आणि पुरावरचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. लोक शाळांमध्ये झोपले होते, बाकांवर मुलं आणि बाकांखाली म्हातारी माणसं. नावाड्यांनी चार दिवस होड्या बांधून ठेवल्याच नव्हत्या. मी वाचत होते, मावशी ऐकत होती, मध्येच "पुढे?" म्हणत होती. त्यानंतर तो आकडा ती कधी चुकली नाही. मग आम्ही संप घेतला, मग रेल्वे. प्रत्येक वेळी ती विचारायची, "यात कोण कोण होतं?" आणि मी शोधत बसायचे.

पेपर सुटल्यावर ती फाटकापाशी भेटली. बोटांना शाई लागलेली.

"रेल्वेचे मजूर सव्वीस हजार की छत्तीस?"

"छत्तीस."

"गेला एक मार्क," ती म्हणाली. "पण पुरावर दीड पान लिहिलंय. पुरवणी घेतली मी!"

निकालात मला ब्याऐंशी मिळाले, तिला सत्तावन्न. गुणपत्रिका पर्समध्ये घालून ती तशीच कामावर गेली. त्या दिवशी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला गाडीची वेळ सांगून झाली की ती आपले मार्कही सांगत होती.