ठेवणीतली चादर

पंपाच्या खोलीची किल्ली धाकट्या सुनेच्या कमरेला होती, आणि ती तिथेच राहणार की नाही ते आज ठरणार होतं. बाईच्या हातात पंप देणं निम्म्या गावाला पटलं नव्हतं. गावात पंप बसवणाऱ्या इंजिनिअरनं सांगून टाकलं होतं, "सगळ्यांसमोर चालू करून दाखवा. नाही जमलं, तर मी शहरातला माणूस नेमतो."

धाकटी पंप चालवायचं महिनाभर शिकून आली होती. आल्यापासून घरी एकच धोशा. पंपाच्या खोलीच्या छतावरच्या सौर पाट्यांवर धूळ बसली, की पंपाचा जीव गेला! सासूबाईंच्या तर ती रोज कानीकपाळी ओरडायची.

भर दुपारी अख्खं गाव हंडे-कळशा घेऊन नळाभोवती जमलं. धाकटीनं बटण दाबलं. पंप ढिम्म. डोक्यावर ऊन रणरणत होतं, पण मीटरचा काटा शून्यावरून हलेना. तिनं वायरी चाचपल्या, जोड तपासले.

"मी म्हटलंच होतं," मागून एक जण म्हणाला. असा माणूस प्रत्येक गावात असतोच.

इंजिनिअरनं किल्लीसाठी हात पुढे केला. "साहेब, पाट्या तेवढ्या बघून येते," म्हणत धाकटी शिडीकडे वळली, तर सासूबाई आडव्या आल्या.

"पाट्यांना काय झालंय? सकाळीच लख्ख पुसल्यात मी. धूळ बसू नये म्हणून झाकूनसुद्धा ठेवल्यात!"

"झाकून? कशानं, आई?"

"माझ्या ठेवणीतल्या चादरीनं. उरलेल्या पाट्या सतरंज्यांनी."

"अहो आई, पंप उन्हावर चालतो!"

धुळीचं शंभरदा सांगितलं होतं. उन्हाचं सांगायचंच राहिलं होतं.

सासूबाईंनी उभ्या जन्मात चूक कबूल केली नव्हती. पण इंजिनिअरचा हात अजून पुढेच होता. तो बघून त्या भर गावासमोर म्हणाल्या, "हात मागे घ्या, साहेब. अक्कल मी गहाण टाकली होती, हिनं नाही."

पदर खोचून त्या स्वतः शिडी चढल्या. सतरंज्या ओढल्या, चादर ओढली. खाली काटा टुणकन उडाला, पंप घरघरला, नळ दोनदा खोकला आणि स्वच्छ, गार पाणी धो धो कोसळलं. एकच गलका झाला.

"मी म्हटलंच होतं, चालेल म्हणून!" मघाचाच माणूस सर्वांत आधी कळशी भरत म्हणाला.

किल्ली कमरेलाच राहिली. धाकटी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

चादर मात्र मळली होती. लग्नात मिळालेली ती चादर सासूबाईंनी चाळीस वर्षांत एकदाही अंथरली नव्हती. कोसभरावरून आणलेलं पाणी प्यायलाच पुरत नसे, मग ती धुवायची कशानं? आज त्यांनी ती नळाखाली धरली आणि चांगली दोनदा धुतली. एकदा मळली म्हणून, आणि एकदा उगाच.