न ऐकलेले चेंडू

“टिंब ते टिंबच, आल्बन! टिंबाला कसलं आलंय वळण?”

विल्फ कॅमिशने टोपी नेहमीप्रमाणे समोरच्या रिकाम्या खुर्चीवर भिरकावली आणि तो वहीवर वाकला. धाव न निघालेल्या चेंडूसाठी टिंब देतात. तशी सहा टिंबे एका चौकटीत होती. शेजारच्या चौकटीत तीन टिंबे, एक चौकार, एक एकेरी धाव आणि पुन्हा एक टिंब. त्यात विलक्षण असे काही नव्हते. विलक्षण होते ते एवढेच, की ती आल्बन स्केल्टनने लिहिली नव्हती.

“बोट फिरव त्याच्यावर,” आल्बन म्हणाला.

विल्फने बोट फिरवले. ते काळे झाले.

“माझी पेन्सिल कडक शिशाची. कागदाला चरा पडेल, पण बोटाला लागायची नाही. ही मऊ आहे. एनिडची असायची तसली.”

“एनिडला जाऊन चार महिने झाले, आल्बन.”

“ते तू मला सांगतोस?”

आल्बनने फायली नावाच्या गावाअलीकडच्या रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये एकतीस वर्षे काढली होती. तिथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीची घंटा वेळेसह वहीत उतरवावी लागे, आणि त्या वहीचा धर्म एकच होता: जी घंटा स्वतःच्या कानांनी ऐकली नाही, ती लिहायची नाही. हाच धर्म त्याने क्रिकेटलाही लावला. उन्हाळ्यातल्या सगळ्या कसोट्या तो आणि एनिड, नवराबायको, रेडिओवर ऐकत, समोरासमोर बसून, दोन वह्यांत चेंडू-चेंडू टिपत. षटक संपले की मैदानावरच्या गुणलेखकांप्रमाणे एकाने धावसंख्या मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने आपल्या वहीत पाहून ‘बरोबर’ म्हणायचे. ते ‘बरोबर’ आल्याखेरीज पुढचा चेंडू लिहायचा नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून होई. ज्या लहरींवर समालोचन लागे, त्याच लहरींवर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला पाच-सहा मिनिटे कमी असताना खलाशांसाठी सागरी हवामान सांगत. तेवढा वेळ समालोचन बंद. त्या अवधीत पडलेल्या चेंडूंच्या चौकटी आल्बन कोऱ्या सोडी. एनिड मात्र त्या मनाने भरून टाकी.

“चौकट उपाशी ठेवू नये,” ती म्हणे.

“ही नोंद नव्हे, एनिड. ही कादंबरी झाली.”

“मग वाच की! बरी जमलीये.”

आणि समालोचक परत येऊन मधल्या षटकांचा गोषवारा सांगत, तेव्हा तिची बेरीज बहुधा जुळे. योगायोग कितीही वेळा घडला तरी तो योगायोगच राहतो, असे आल्बन पस्तीस वर्षे बजावत आला होता.

या वर्षीच्या पहिल्या कसोटीत सागरी हवामान लागल्यावर तो किटली भरायला आत गेला, आणि परत आला तेव्हा चौकटी भरलेल्या होत्या. गोषवारा आला: दोन षटके, एक निर्धाव, पाच धावा. तंतोतंत. दुसऱ्या कसोटीत तसेच झाले. तिसऱ्या कसोटीत, दाट समुद्री धुक्याच्या एका संध्याकाळी, त्या अवधीत एक गडी बाद झाला होता. वहीत तो बाद होता, चौथ्या चेंडूवर. एनिडच्या सामानाची पेटी आल्बनने तीन वेळा उपसली. मऊ पेन्सिल घरात कुठेही नव्हती.

“तूच लिहितोस आणि विसरतोस,” विल्फ म्हणाला. त्याला क्रिकेटचे सोयरसुतक नव्हते. मासेमारीची बोट विकून त्याला नऊ वर्षे झाली होती, तरी रोज संध्याकाळी तो शेजारून येई तो फक्त सागरी हवामान ऐकायला, आणि डोळे मिटून ऐके. “या वयात होतं असं. परवा मी माझाच चष्मा घालून माझाच चष्मा शोधत होतो.”

“चष्मा शोधणं वेगळं. तू चष्म्याशिवाय वाचू लागलास तर मला बोलव. जे ऐकलंच नाही ते मी बरोबर कसं लिहीन?”

पण आल्बनला रात्रंदिवस टोचत होते ते विल्फचे ‘तूच लिहितोस आणि विसरतोस’ हे वाक्य.

कारण तेच वाक्य त्याची मुलगी अ‍ॅव्हरिल वेगळ्या शब्दांत बोलत होती. जूनमध्ये किटली चुलीवर राहून तळ जळला होता. शेवटच्या कसोटीच्या रविवारी, उपाहाराच्या सुट्टीत, ती लीड्सहून आली आणि जळक्या किटलीकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा, आज किटली जळली, उद्या घर जळेल. वरची खोली रंगवून ठेवलीये तुमच्यासाठी. आणि टीव्हीवर सगळे सामने दिसतात आमच्याकडे. मध्ये ते हवामान नाही की काही नाही. एक चेंडू चुकायचा नाही तुमचा!”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

आल्बनने जळकी किटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “उद्या संध्याकाळी कळवतो.”

प्रश्न त्याने मनाशी नीट मांडून पाहिला होता. चौकटी तोच भरत असेल आणि त्याला आठवत नसेल, तर अ‍ॅव्हरिलचे बरोबर होते. अशा माणसाने एकट्याने राहू नये. तो भरत नसेल, तर जिथे एकही चेंडू चुकत नाही अशा घरात जाणे म्हणजे एनिडला दार लावून घेणे होते.

सोमवारी, सामन्याच्या अखेरच्या संध्याकाळी, त्याने विल्फला वहीसमोर बसवले.

“आज डोळे मिटायचे नाहीत. मी अंगणात उभा राहतो, तुला खिडकीतून दिसेन असा. तू फक्त वहीकडे बघायचं.”

“आणि माझं हवामान?”

“कानांनी ऐक. बोट विकलीस, कान नाही विकलेस.”

षटक संपले. समालोचकाने रजा घेतली आणि सागरी विभागांची नावे घेणारा तो संथ, निर्विकार आवाज सुरू झाला: टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर. आल्बन अंगणात कपडे वाळवायच्या दोरीखाली उभा राहिला. समुद्रावरून धुके चढत होते आणि दोरीवरचे चिमटे एकेक करून दिसेनासे होत होते. आत विल्फचे पांढरे डोके वहीवर झुकलेले होते. आवाज थांबला तसा आल्बन आत आला.

बाराही चौकटी कोऱ्या होत्या.

“पापणीही लवू दिली नाही मी,” विल्फ ओशाळून म्हणाला. “डॉगरला वारा किती, तेसुद्धा निसटलं.”

“म्हणजे मीच,” आल्बन म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. “मी बाहेर होतो, तर चौकटी कोऱ्या. म्हणजे इतके दिवस मीच.” त्याने पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली, वही मिटली आणि टेलिफोन पुढे ओढला. त्याने लीड्सचे पहिले तीन आकडे फिरवले.

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

“श्रोतेहो, या वेळी तुमचं काहीच हुकलं नाही. तुम्ही तिकडे वळलात आणि त्याच क्षणी पंचांनी अंधूक उजेडामुळे खेळ थांबवला. मधल्या वेळात एकही चेंडू पडलेला नाही.”

आल्बनचे बोट चौथ्या आकड्यावर थांबले. विल्फने वही उघडली. बारा कोऱ्या चौकटी. बरोबर होत्या त्या.

“देवा रे,” विल्फ पुटपुटला. “आल्बन, आता तर...”

“आता तर काहीच सिद्ध होत नाही. मी लिहिणारा असेन, तरी मी बाहेर होतो, म्हणून कोऱ्याच. ती असेल, तरी चेंडू पडला नाही, म्हणून कोऱ्याच.” त्याने वही आपल्याकडे ओढली. “केबिनमध्ये एक नियम होता, विल्फ. रूळ मोकळा आहे की नाही याचा संशय असेल, तर गाडी सोडायची नाही.”

त्याने उरलेले आकडे फिरवले.

“अ‍ॅव्हरिल? मी इथंच राहतो, बाळ. ... हो, शिटीवाली किटली आणून दे, वापरीन. विल्फ रोज सकाळी डोकावेल. आत्ता मान हलवतोय तो. ... राग नाही गं. खोली छानच असणार. पण तुझ्या घरी एकही चेंडू चुकत नाही.”

पलीकडून ती काहीतरी विचारत राहिली. तो हो-नाही करत ऐकत राहिला आणि मग त्याने रिसीव्हर हलकेच ठेवला.

खेळ पुन्हा सुरू होणार नाही, असे रेडिओने जाहीर केले. सामना अनिर्णित राहिला. उन्हाळा संपला. कोऱ्या चौकटींच्या कडेला आल्बनने कडक पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: अंधूक उजेड. स्वतःच्या कानांनी ऐकले होते ते त्याने. मग तो ताठ बसला आणि समोर पाहत, या उन्हाळ्यात प्रथमच, मोठ्याने वाचू लागला:

“दोनशे बारा. सहा बाद.”

आणि समोरच्या माणसाला आपल्या वहीतली बेरीज पाहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला.

विल्फ उठला. समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची आपली टोपी त्याने दोन्ही हातांनी उचलली, परत आपल्या जागी येऊन बसला, आणि ती गुडघ्यांवर धरून राहिला.