न मोडलेली दहा शिंपल्यांची नोट

मी हाल्मओग बेटावरची दहा शिंपल्यांची जुनी नोट आहे. आम्हा चारशे जणींना एकाच दिवशी छापले आणि महिन्याभरात आम्ही सगळ्या खपलो. त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्यातली एकही दुकानाच्या गल्ल्यात परतली नाही. एकही हरवली नाही.

मित्रांनो, हाल्मओग हे जर्मनीच्या उत्तर समुद्रातले अडतीस माणसांचे बेट. तिथे एकच दुकान, पेट्रा यान्सन यांचे. बोटीने समोरच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर जाऊन खरेदी करणाऱ्यांनी ती बेटावरच करावी, यासाठी पेट्राबाईंनी 'शिंपले' नावाचे दुकानापुरते चलन काढून आम्हाला छापून घेतले. दहा युरो देऊन मला घ्यायचे आणि त्याच दुकानात खर्चायचे, एवढेच माझे काम. सहीची शाई वाळावी म्हणून त्यांनी माझ्यावर फुंकर घातली होती. माझ्या आयुष्यातली ऊब तेवढीच.

मला ज्ञानदाने घेतले. ही पुण्याची मुलगी ओहोटीच्या चिखलावर संशोधन करते. तिने मला वहीत ठेवले, पाहुण्यांना कौतुकाने दाखवले, पण खर्च कधी केले नाही. माझ्या कडा अजून कोऱ्या आहेत. नोटेला याहून मोठी लाज नाही.

परवा दुकान कायमचे बंद होत असल्याची पाटी लागली. ज्ञानदा मला घेऊन धावली. तिचा सहकारी विनय मागोमाग येत म्हणाला,

"चला, लागला एकदाचा मुहूर्त! दोन वर्षं अंडी उबवायला बसवली होतीस का तिला?"

"गप रे. मदत म्हणून घेतली होती. ती काय परत मागायची?"

"आणि दूध मात्र किनाऱ्यावरून!"

"तू कुठून आणतोस?"

विनयने पाकिटातून माझी एक कोरी बहीण काढली.

रिकाम्या फळ्यांपाशी उभ्या असलेल्या पेट्राबाईंनी आम्हा दोघींकडे पाहिले आणि हळूच विचारले, "माझं लोणी शिळं असायचं का?"

आता आमच्या बदल्यात घ्यायचे तरी काय? फळीवर मिठाचा पुडाही उरला नव्हता.

मित्रांनो, ज्याला जगवायचे असेल त्याच्याकडून घ्यायलाही शिका. ज्ञानदाने नंतर घरोघर विचारले, तेव्हा सगळीकडे एकच उत्तर मिळाले. लोकांनी आम्हाला देणगी समजून घेतले होते. आम्हाला खर्च करावे, तर मदत परत घेतल्यासारखे वाटे. घरी नोट असताना युरो द्यावेत, तर उपकार दाखवल्यासारखे. म्हणून ते दुकान टाळून किनाऱ्यावर गेले. दुकान भिडेपायी बंद पडले.