विलहाइट सोडला, ब्रॉडनॅक्स घेतला

एमेट ब्रॉडनॅक्सने वाँडाबाईंच्या पाठीखाली पंजा धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी हलकेच वर केली.

"मान सोडा, मिस वाँडा. पाणी कुठं पळून जात नाही."

"पाणी नाही रे, मीच जाईन एक दिवस," वाँडाबाई म्हणाल्या. पण मान सोडली. कान पाण्याखाली गेले, डोळे छताला लागले आणि सत्तरी उलटलेलं ते अंग अलगद तरंगू लागलं.

नगरपालिकेच्या गरम पाण्याच्या तलावावर सकाळचा वर्ग चालला होता. मार्च संपत आला होता. मोठ्या काचेपलीकडे सरोवरावरचा बर्फ फुटत होता आणि त्यावरून धुकं थेट भिंतीपर्यंत येत होतं. आत वाफ, बाहेर धुकं. बायकांच्या रंगीत टोप्या तेवढ्या पांढऱ्यातून वर यायच्या आणि पुन्हा दिसेनाशा व्हायच्या. एमेटला ही वेळ आवडायची. इथे कोणाचंही वजन कोणाला जाणवत नाही, असं त्याला वाटायचं.

आज मात्र बायका गप्प होत्या, आणि ते काही खरं नव्हतं. फुटबॉलचा हंगाम संपला की पोर्ट ऑल्डनमध्ये दुसरा विषयच नसतो: संघाने यंदा कोणाला आणावं, कोणाला नारळ द्यावा. तलावातही तेच चाले, फक्त एमेट जवळ आला की सगळ्यांना एकदम सांधेदुखी आठवे. त्यांच्या या लपवाछपवीची त्याला गंमत वाटे, आणि माया वाटे.

कान पाण्याखाली असले की आपण किती मोठ्याने बोलतोय हे माणसाला कळत नाही. वाँडाबाईंनी छताकडे बघत सांगून टाकलं, "विलहाइटला घेतलंय! एका वर्षाच्या करारावर! आता आणतायत, गुडघ्याचं भुस्कट झाल्यावर!"

सगळा तलाव घुमला. शेजारी तरंगणाऱ्या इर्माबाईंनी पाण्यातूनच त्यांना लाथ मारायचा प्रयत्न केला.

"ऐकलं मी," एमेट म्हणाला. "पाय जवळ घ्या, मिस वाँडा. श्वास सोडू नका."

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वसंतात कॉलेजातली पोरं निवडली जातात. प्रत्येक संघाने आपली पाळी आली की एक नाव पुकारायचं. अकरा वर्षांपूर्वी पोर्ट ऑल्डनची पाळी आली तेव्हा लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलणारी दोन पोरं शिल्लक होती. संघाचा मॅनेजर न्यूकर्क याने एमेटचं नाव पुकारलं. पुढच्याच पाळीला दुसऱ्या संघाने रोमान विलहाइटला उचललं, आणि त्याने त्यांना दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. एमेटने एका हिवाळ्यात, अख्खं गाव उभं राहून बघत असताना, हातात आलेला चेंडू सोडला. पुढच्या वर्षी त्याचा पाय मोडला, आणि न्यूकर्कची नोकरी गेली.

तेव्हापासून गावात ही दोन नावं कोणी सुटी घेतली नाहीत. कोणाचं घर घेताना चुकलं, कोणाचं लग्न करताना चुकलं, की लोक हमखास म्हणत, "विलहाइट सोडला, ब्रॉडनॅक्स घेतला!" पोरंसोरंसुद्धा म्हणत. ब्रॉडनॅक्स नावाचा एक माणूस त्याच गावात राहतो आणि त्यांच्या आज्यांना पोहायला शिकवतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसे.

एमेट दूर दक्षिणेतल्या जॉर्जियाचा. पाय बरा झाल्यावर तो घरी का गेला नाही, याचं लोकांना नवल वाटे. कारण सांगण्यासारखं नव्हतं. एकदा किराणा दुकानात, अंड्यांच्या फळीपाशी, म्हातारा न्यूकर्क त्याला भेटला होता. तेव्हा दोघंही खेळातून बाहेर पडलेले. न्यूकर्कने हातातलं अंड्यांचं खोकं उघडून एकेक अंडं फिरवून पाहिलं आणि वर न बघताच म्हटलं, "तुम्हा दोघांना शेजारी ठेवून पाहिलं होतं मी. आणि तुला निवडलं. आजही तुलाच निवडेन, पोरा." मग खोकं बंद करून तो गेला. दोन वर्षांपूर्वी वारला.

त्या वाक्यावर एमेट जगला होता. सगळं गाव एकीकडे. पण ज्याला खेळातलं कळत होतं अशा एका माणसाने दोघांना पाहून त्याला घेतलं होतं. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि मग ते त्याच्याजवळ राहिलं नसतं.

दुपारी वर्ग नव्हता. एमेट काठाची लादी धूत होता, तेव्हा वाफेतून एक उंच माणूस लंगडत आला आणि खुर्चीवर टॉवेल टाकून म्हणाला, "इथे शेजारच्या गावच्या माणसाला पाण्यात सोडतात का?"

आवाज दक्षिणेकडचा होता, जॉर्जियातल्या त्याच्याच गावाशेजारचा. कोणाचा, ते एमेटला चेहरा दिसण्याआधीच कळलं.

"टोपी घालावी लागेल," एमेट म्हणाला. "इथल्या बायका फार कडक आहेत."

रोमान विलहाइट हसला. इर्माबाईंची विसरलेली गुलाबी टोपी त्याने मुकाट्याने डोक्यावर चढवली आणि काठाला धरून पाण्यात उतरला. गुडघा पाण्याखाली गेल्यावर त्याने डोळे मिटले. तेवढ्यात एमेटने बादली बाजूला ठेवली आणि तोही काठावर पाय सोडून बसला.

"संघाच्या तलावावर सगळे कॅमेरेवाले बसलेत," रोमान म्हणाला. "पण त्यासाठी नाही आलो मी. भावा, तुला एक सांगायचंय. फार आधी सांगायला हवं होतं."

"बोल की."

"त्या निवडीच्या दिवशी न्यूकर्कने आधी मला फोन केला होता."

पाण्यातल्या पायाची बोटं एमेटने एकदा आखडली आणि सोडली.

"मी आईच्या स्वयंपाकघरात होतो," रोमान सांगू लागला. "आई आजारी होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली. मला घरापासून तासाभराच्या अंतरावरचा संघ हवा होता, बस. मी त्याला म्हटलं, साहेब, पाया पडतो, माझं नाव पुकारू नका. पुकारलंत तर मी येणार नाही, वर्षभर घरी बसेन. तो म्हणाला, आईजवळ राहा, पोरा. आणि फोन ठेवला. बाहेर एक शब्द बोलला नाही तो. नोकरी गेली तरी नाही. बोलला असता तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं."

"मग मला कधी केला?"

"लगेच केला असणार. नाव पुकारायला मोजकीच मिनिटं असतात, घड्याळ चालू होतं ना."

एमेटला तो फोन आठवत होता. न्यूकर्कला धाप लागली होती. तो आनंद आहे, असं एमेटला वाटलं होतं. इतकी वर्षं तो आवाज त्याने तसाच जपला होता.

"उद्या सकाळी पत्रकार आहेत समोर," रोमान म्हणाला. "मी सगळं सांगून टाकणार आहे. विलहाइटला कोणी सोडलं नव्हतं, विलहाइटच आला नाही. तुझ्या डोक्यावरचं हे ओझं उतरू दे. माझ्यामुळे शिव्या खाल्ल्यास तू."

काचेबाहेर बर्फाचा एखादा तुकडा तडकल्याचा आवाज आला. एमेट काठावरून घसरला आणि पाण्याखाली गेला. खाली सगळं निळसर आणि सावकाश होतं. त्याला आपले हात दिसत होते. तेच हात, मोठे, रिकामे. गाव जे म्हणत होतं ते खोटं होतं, ही बातमी ऐकायला त्याने एके काळी काय वाटेल ते दिलं असतं. आता बातमी आली होती आणि छातीतून काहीतरी काढून नेत होती. त्याला कोणी निवडलं नव्हतं. तो फक्त उरला होता.

तो वर आला तेव्हा रोमान घाबरून जवळ आला होता.

"सांगू नकोस," एमेट म्हणाला.

"वेडबिड लागलंय का तुला? अरे, उद्यापासून लोक तुझ्याशी माणसासारखं वागतील."

"तसंच वागतात. सवय झालीय त्यांना."

"पण खरं काय ते—"

"न्यूकर्कने मला सांगितलं होतं," एमेट म्हणाला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य त्याने तोंडाने उच्चारलं. "म्हणाला, तुम्हा दोघांना शेजारी ठेवून पाहिलं होतं. आणि तुला निवडलं."

रोमानने त्याच्याकडे पाहिलं. मग नजर वळवली. डोक्यावरची गुलाबी टोपी काढून तो ती उगाच पिळत बसला.

"भला माणूस होता तो," तो म्हणाला.

"हो."

मग एमेटने रोमानच्या दुखऱ्या गुडघ्याखाली पंजा धरला आणि पाय कसा सैल सोडायचा ते दाखवलं. रोमान तरंगू लागला, अंधुक पांढऱ्यात, डोळे मिटून. तिथे दोघं सारखेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरूच होईना. टॉवेल गुंडाळलेल्या सगळ्या बायका बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे उभ्या होत्या, आणि एमेट दारात होता. पत्रकाराने पहिलाच प्रश्न विचारला: या संघाने तेव्हा तुम्हाला सोडून ब्रॉडनॅक्सला घेतलं, त्याचं काय वाटतं? इर्माबाईंचा हात टीव्ही बंद करायला पुढे झाला. पण विलहाइट बोलू लागला होता.

"न्यूकर्कसाहेबांनी आम्हा दोघांना शेजारी ठेवून पाहिलं होतं," तो म्हणाला. "आणि त्याला निवडलं. त्यांना खेळातलं कळत होतं."

पत्रकार हसले. त्यांना तो विनोद वाटला. विलहाइट हसला नाही.

"मेला टोमणे मारतोय," वाँडाबाई फणकारल्या आणि त्यांनी एमेटचा हात धरला. "तू मनावर घेऊ नकोस हो बाळा. चल, मला पाठीवर तरंगायला शिकव."

"चला," एमेट म्हणाला.

दुपारच्या बातम्यांत तो तुकडा पुन्हा दाखवला. तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. एमेट टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसला आणि त्याने आवाज वाढवला.